येसूबाईचा अंदाज

जयसिंगराव सरदेसाई अठरा वर्षं कुठे होते, या प्रश्नाने कळंबच्या भागूबाईची पडवी चौदा महिने गाजत होती. जयसिंगराव गावातले कुणी नव्हेत. ते टीव्हीवरचे. 'पुन्हा सरदेसाई' नावाच्या मालिकेच्या पहिल्याच भागात ते दाढी वाढवून, हातावर भाजल्याचा डाग घेऊन घरी परतले, दारात उभे राहिले, आणि कॅमेऱ्याने घरातल्या अकरा माणसांचे चेहरे प्रत्येकी तीन-तीनदा दाखवले. पहिला आठवडा त्यातच गेला. पोटच्या मुलाच्या मातीलाही जो माणूस आला नाही, तो आता कशाला आला, असं बायकोने विचारलं. जयसिंगरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यानंतर चौदा महिने ते खिडकीबाहेरच पाहत होते.

मालिका संध्याकाळी साडेसातला लागायची, पण त्या वेळी घरोघरचे टीव्ही बाप्यांच्या ताब्यात असायचे. म्हणून बायका दुपारी दीड वाजता तोच भाग पुन्हा लागायचा तो धरायच्या, भागूबाईच्या पडवीत. हात रिकामे नसायचे. पलीकडच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे 'गावरान जेवण' जेवायला येतात. त्यांना वालाचं बिरडं लागतं, पण मोड आलेले वाल सोलत बसायला रिसॉर्टमध्ये कुणाला वेळ? ते काम या पडवीत यायचं. कोमट पाण्यातला एकेक वाल चिमटीत दाबायचा, की साल हातात राहते आणि आतली डाळिंबी टुणकन टोपलीत. या कामाला डोळे लागत नाहीत. म्हणून डोळे टीव्हीवर, हात वालात आणि तोंड जयसिंगरावांच्या चारित्र्यात.

या घोळक्यात पुरुष एकच, श्रीपत. वय सत्तरीला टेकलेलं, अंगाने काटकुळा, आणि वाल सोलण्यात बायकांच्या दुप्पट चपळ, कारण चौतीस वर्षं तो माथेरानच्या एका हॉटेलात आचारी होता. मालिकेतल्या कुणाच्या भूतकाळाशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष सरदेसायांच्या स्वयंपाकघरावर.

"चौदा महिने झाले, या घरात कुणी फोडनी दिलेली नाय," तो म्हणायचा. "गॅसवर पातेलं हाय, पातेल्यात काय नाय. नि ती थोरली सून बघा, नथ घालून कणीक मळते. कोरडी!"

"भावजी, तुमी गप ऱ्हावा," भागूबाई खेकसायची. "हितं मानसाचा जलम चाललाय नि तुमाला कणीक सुचते."

भागूबाईचा अंदाज पहिल्या दिवसापासून ठरलेला. जयसिंगरावाने नाशिकला दुसरं घर केलं. पुरावा म्हणजे त्याचे गाल. "अठरा वर्षं वनवास भोगलेल्या मानसाला असे गाल येत नायत गं. कुनीतरी तूप वाढलंय." भागूबाईची नात हर्षला रिसॉर्टच्या काउंटरवर बसायची. रात्रीचा भाग दुपारपर्यंत फोडायचा नाही या आजीच्या अटीवर ती मालिकेच्या चाहत्यांच्या तीन ग्रुपांवर होती, त्यामुळे तिचा अंदाज शास्त्रोक्त. हा जयसिंगराव नव्हेच, त्याचा जुळा भाऊ. पहिल्या महिन्यात तीळ डाव्या गालावर होता, आता उजव्या गालावर आहे. तिने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवले. पडवीत आठ दिवस सन्नाटा. रंगवणाऱ्याच्या हातून तीळ चुकीच्या गालावर गेला असेल, असं श्रीपतने सुचवून पाहिलं, पण कणकेवर बोलणाऱ्याचं तिळावर कोण ऐकणार?

आणि मग येसूबाई. श्रीपतची बायको. ती फारशी बोलायची नाही, पण बोलली की एकच वाक्य, चौदा महिने तेच: "त्याला शेठनं सोडलं नसंल."

ते वाक्य आलं की श्रीपतच्या हातातला वाल चिरडायचा.

याचं कारण पडवीत दोघांनाच ठाऊक होतं असं म्हणावं, तर तेही खरं नाही. एकट्या श्रीपतलाच ठाऊक होतं.

माथेरानच्या हॉटेलातल्या माणसाचा संसार उलटा असतो. वर सीझन चालू असला की तो वर. पाऊस लागला, हॉटेलं बंद झाली, की तो खाली. श्रीपत आठ महिने डोंगरावर शेठच्या हॉटेलात पुऱ्या तळायचा आणि चार महिने कळंबला भात लावायचा. लेकरंही त्याच वेळापत्रकाने जन्मली. थोरली रूपाली. ती बापाला 'पावसातला बाबा' म्हणायची. उन्हाळ्यात कुणी बापाचं नाव काढलं की आभाळाकडे बघायची.

रूपाली चार वर्षांची असताना, भर मे महिन्यात, गेली. मंगळवारी श्रीपत एका दिवसाची सुट्टी काढून आला होता. पोर तापाने फणफणलेली. येसूबाई म्हणाली, कर्जतला दवाखान्यात नेऊ. श्रीपत म्हणाला, उन्हाचा ताप आहे, उतरेल, काढा दे. वर हॉटेल गच्च भरलं होतं. तो बुधवारी पहाटे निघून गेला. शनिवारी सकाळी गावातला धाकलू धापा टाकत डोंगर चढून हॉटेलच्या मागच्या दाराशी आला. निरोप दिला आणि आल्या पावली उतरला. श्रीपत त्याला म्हणाला, "तू हो पुढं. मी आलोच."

तो गेला नाही. खाली लोक वाट बघत बसले. लहान लेकरू, मातीच द्यायची, पण पहिली मूठ बापाची. सूर्य कलला तसा येसूबाईचा भाऊ सहदेव उठला. तो कुंभिवलीहून सकाळीच आला होता. त्याने खड्डा खणला, त्यानेच पहिली मूठ टाकली.

श्रीपत चौथ्या दिवशी आला आणि एवढंच म्हणाला, "शेठनं सोडलं नाय."

सहदेवने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ कुनाच्या बापाला धरून ठेवत नाय, दाजी. तुमाला यायचंच नव्हतं."

त्यावर येसूबाई, जी चार दिवस हललीही नव्हती, ती उठली आणि तिने पाठच्या भावाला घराबाहेर काढलं. "माझ्या नवऱ्याला असं बोलनाऱ्याचं मला तोंड बघायचं नाय." पुन्हा म्हणून ती कुंभिवलीला गेली नाही. भाऊबीज नाही, भाच्यांची लग्नं नाहीत. तीन वर्षांपूर्वी सहदेव गेल्याचा फोन आला, तेव्हाही ती चुलीपुढून उठली नाही. त्या दिवशी भाकरी मात्र सगळ्या करपल्या.

आता श्रीपतचं एक वाक्य छत्तीस वर्षांत कुठवर वाढलं ते पाहण्यासारखं आहे. तो पुन्हा त्या विषयावर कधी बोलला नाही, म्हणून बाकीचं काम येसूबाईने केलं. पहिल्या वर्षी एवढंच होतं, की शेठने सोडलं नव्हतं. पाचव्या वर्षी 'गेलास तर परत येऊ नको' असं धमकावलं होतं. किशोर, म्हणजे धाकटा मुलगा, शाळेत जाऊ लागला तोवर शेठने श्रीपतला कोठीत कोंडून बाहेरून कुलूप घातलं होतं, आणि नातवंडं झाली तेव्हा त्या कुलपावर एक गुरखाही बसला होता. मालिका लिहिणाऱ्यांनी येसूबाईकडे महिनाभर शिकवणी लावायला हरकत नव्हती.

बिचारा शेठ! म्हातारा चिमण्यांना दाणे टाकल्याशिवाय चहा प्यायचा नाही. दर दिवाळीला तो श्रीपतच्या घरी मिठाईचा पुडा पाठवायचा. येसूबाई तो न उघडता गोठ्यात न्यायची आणि म्हशीपुढे ठेवायची. म्हैस इतकी सोकावली, की दिवाळी जवळ आली की फाटकाकडे तोंड करून उभी राहायची. शेठ वारला तेव्हा येसूबाईने त्या दिवशी गोडाचं केलं. श्रीपतने ते मान खाली घालून खाल्लं.

आणि त्या शनिवारी झालं होतं ते असं. शेठने निरोप ऐकला, श्रीपतच्या खांद्यावर हात ठेवला, स्वतःच्या ओळखीचा घोडेवाला बोलावला आणि म्हणाला, "दस्तुरीपर्यंत घोड्यावर जा, लवकर पोचशील." श्रीपत दस्तुरी नाक्यापर्यंत गेला. तिथून नेरळच्या टॅक्सी सुटतात. टॅक्सीवाले "नेरळ, नेरळ" ओरडत होते. तो एका दगडावर बसला. दुपार झाली. गाड्या भरत होत्या, सुटत होत्या. मग तो उठला आणि तांबड्या मातीतून चालत वर हॉटेलकडे परत गेला. माती झाली, पोचलो नसतो, असं शेठला सांगितलं आणि संध्याकाळच्या पुऱ्या तळायला घेतल्या.

तर असा तो शेठ, आणि असं ते न सोडणं.

मालिकेला सव्वा वर्ष होत आलं तशी चॅनेलने स्पर्धा काढली: जयसिंगरावांचं रहस्य काय? तुमच्या अंदाजाचा व्हिडिओ मोबाईलवर काढा आणि चॅनेलच्या पानावर टाका. हर्षलाने पडवीतल्या सगळ्यांचं रेकॉर्डिंग केलं. भागूबाईने गालांचा मुद्दा इतका ताणला, की मोबाईलची जागा भरली. येसूबाई हिरवं लुगडं नेसून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि कोर्टात साक्ष द्यावी तशी बोलली.

"मी येसूबाई, कळंब, तालुका कर्जत. मी म्हनते, तो मानूस आला नाय असं बोलू नका. येऊ दिला नाय असं बोला. आमच्या ह्यांना शेठनं सोडलं नव्हतं. पोरगी गेली आमची, चार वर्सांची. ह्यांना कोठीत कोंडून कुलूप घातलं. त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाय, पन मला कळतं. छत्तीस वर्सं झाली, अजून मधीच हात थांबतो नि बाहेर बघत ऱ्हातात. ह्या मानसाचं पन तसंच हाय. त्याच्या बायकोला सांगा, त्याला इचारू नको. जेवायला वाढ."

श्रीपत तेव्हा दाराआड उभा होता. तो मागच्या मागे परसात गेला आणि विहिरीवर उगाचच तीन बादल्या पाणी शेंदून पुन्हा विहिरीत ओतलं.

भागूबाईच्या गालांना कुणी विचारलं नाही. हर्षलाचा जुळा भाऊ आधीच चारशे लोकांनी पाठवला होता. पण येसूबाईचा व्हिडिओ सुटला तो सुटलाच. आठ दिवसांत दोन लाख लोकांनी पाहिला. खाली लोकांनी लिहिलेलं हर्षला पडवीत मोठ्याने वाचून दाखवायची. 'आजी, रडवलंत.' 'असा नवरा आणि अशी बायको आता होणे नाही.' 'त्या शेठला नरक मिळो.' नेरळच्या नेहमीच्या भाजीवाल्याने 'त्या आजींचा नवरा' म्हणून श्रीपतला ओळखलं आणि कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. श्रीपत ती हातात धरून स्टेशनपर्यंत चालत गेला आणि एका बकरीला घालून परत आला.

मग चॅनेलमधून माधवी नावाच्या मुलीचा फोन आला. येसूबाईचा अंदाज निवडला गेला होता. शनिवारी त्यांची माणसं कॅमेरा घेऊन येणार होती. "आणि काका पण हवेत हं, जोडीने. काकांनी फक्त तो दिवस सांगायचा. त्यांच्या शब्दांत."

घरात लग्नाची गडबड उडाली. येसूबाईने पडवी सारवली, किशोरला बदलापूरहून बोलावून घेतलं, श्रीपतचा सदरा धुतला आणि निळीच्या पाण्यातून काढला. गुरुवारी दुपारी ती तांदूळ निवडत बसली असताना श्रीपत येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"येसू, मी शनिवारचं बोलनार नाय."

"लाजताय व्हय? दोन वाक्यं बोला. मी हाय ना बाजूला."

"तसं नाय. शेठनं मला सोडलं व्हतं."

येसूबाईचा हात सुपात फिरत राहिला. "कधी?"

"रूपालीच्या दिवशी. लगेच सोडलं. घोडा दिला. मी दस्तुरीवर बसलो नि म्हागारी गेलो."

"कुलूप?"

"कुलूप नव्हतं गं. कधीच नव्हतं. ते तूच घातलंस."

तिने सूप खाली ठेवलं. श्रीपत भराभर बोलत होता, उतू जाणाऱ्या दुधाखालचा जाळ काढावा तसा. "तू म्हनाली व्हतीस, दवाखान्यात नेऊ. मी म्हनलो उतरंल. मंग तुझ्या तोंडाकडं कसं बघनार व्हतो मी? गाड्या जात व्हत्या. मला उठताच आलं नाय. संध्याकाळी पुऱ्या तळल्या मी, येसू."

चौदा महिने मालिका पाहिल्याचा परिणाम माणसावर होतोच. अशा वेळी बायको काय म्हणते, हे श्रीपतला चांगलं माहीत झालं होतं. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते, मला ठाऊक होतं, पहिल्यापासून ठाऊक होतं. मग संगीत वाजतं. श्रीपत त्याच वाक्याची वाट बघत होता. छत्तीस वर्षं एका घरात राहून बायकोला काहीच कळलं नसेल, असं कधी होतं का?

येसूबाईला काहीच कळलेलं नव्हतं. तिने त्याचा शब्द खरा मानला होता. इतकं साधं होतं ते.

ती म्हणाली, "म्हंजे सहदेव खरं बोलला व्हता."

श्रीपतने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"त्यानं माती दिली माझ्या पोरीला," ती म्हणाली. "नि मी त्याला पानी पन न देता घालवला."

ती उठली, पदर खोचला आणि तशीच भागूबाईच्या घरी गेली. श्रीपत मागोमाग. हर्षला ड्युटीवर निघाली होती.

"ते माझं काढून टाक गं मोबाईलातनं."

"काय आजी? व्हिडिओ? अगं, शनिवारी लोक येतायत!"

"येऊ देऊ नको. त्यातलं खरं नाय."

"आजी, दोन लाख लोकांनी बघितलंय ते!"

"मंग दोन लाख लोकांना सांग."

हर्षलाने श्रीपतकडे पाहिलं. श्रीपतने खिडकीबाहेर पाहिलं. तिने व्हिडिओ काढून टाकला, चॅनेलला फोन करून आजी आजारी असल्याचं सांगितलं. लोकांनी तो आधीच इकडून तिकडे पाठवला होता, तो काही कुणाला काढता येणार नव्हता, पण हे येसूबाईला सांगायचं धाडस हर्षलाला झालं नाही.

शुक्रवारी सकाळी येसूबाईने पिशवी भरली. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, आणि तांदळाचा एक डबा. माहेरी रिकाम्या हाताने कसं जायचं? श्रीपतने फाट्यापर्यंत पिशवी धरली. किशोर गाडी घेऊन तयार होता.

"मी येतो," श्रीपत म्हणाला. "कुंभिवलीला वैनींच्या पाया पडतो. सांगतो सगळं."

"तुमी नका येऊ."

"परत कधी येशील?"

ती गाडीत बसली. पिशवी मांडीवर घेतली. श्रीपतला वाटलं, निदान रागाने तरी बघेल. पण तिने त्याच्याकडे पाहिलं ते एखाद्या नव्या माणसाकडे पाहावं तसं, हा कोण असेल असं.

रात्री किशोर एकटाच परत आला. तो सांगत होता, कुंभिवली आईला ओळखूच आली नाही. हायवे, गोदामं, ढाबे, तिचं आंब्याचं झाड नाही की वळण नाही. चार ठिकाणी विचारत गेले. घरात सहदेवमामाचा फोटो भिंतीवर होता. त्यात मामा म्हातारा. आई म्हणे फोटोसमोर उभी राहिली आणि वहिनीला विचारलं, "हा सहदेव?" कारण तिच्या डोक्यातला सहदेव तिशीचा होता. मग ती खाली बसली. वहिनीने तिला चहा दिला तर तो तिने फोटोपुढे ठेवला आणि म्हणाली, आधी त्याला. वहिनी म्हणाली, ते गेले तीन वर्षं झाली. आई म्हणाली, ठाऊक हाय. पन मी त्याला पानी पन दिलं नव्हतं.

नऊ दिवस झाले. किशोरने दोनदा फोन करून विचारलं, घरी कधी येतेस? ती म्हणाली, बघू.

श्रीपत भाकरी थापायचा, खायचा, भांडी घासायचा. चौतीस वर्षं शेकडो माणसांचं रांधलेल्या आचाऱ्याला एका माणसाचं माप जमेना. रोज भात उरायचा. दुपारी तो पडवीत जाऊन वाल सोलायचा. सरदेसायांच्या स्वयंपाकघराबद्दल आता तो काही बोलत नसे, आणि गंमत म्हणजे भागूबाईला त्यावाचून चुकचुकल्यासारखं वाटायचं. "भावजी, आज भेंडी न चिरता कढईत टाकली बघा," ती मुद्दाम सांगायची. तो मान हलवायचा.

आणि दहाव्या दिवशी, दुपारी दोनला दहा मिनिटं असताना, जयसिंगरावांनी खिडकीकडची मान वळवली. ते बोलले. त्यांनी बाही वर केली, भाजल्याचा डाग दाखवला आणि सांगितलं, की एका शेठने त्यांना अठरा वर्षं गोदामात कोंडून ठेवलं होतं. बाहेरून कुलूप. मुलाची बातमी कळली तेव्हा त्यांनी दारावर डोकं आपटलं होतं. बायको रडली. अकरा चेहरे आले.

भागूबाई उभी राहिली ती मांडीवरच्या टोपलीसकट. डाळिंब्या पडवीभर. "जिंकली! आमची येसू जिंकली! गोदाम गं, गोदाम! नि कुलूप! भावजी, शब्दाला शब्द तुमच्या शेठवानी!" बायकांनी टाळ्या पिटल्या. हर्षलाने लगेच कुंभिवलीला फोन लावला आणि श्रीपतच्या हातात दिला.

"कोन?" पलीकडून येसूबाईचा आवाज आला. मागे हायवेवरचे ट्रक चालले होते.

"मी हाय."

ट्रक गेला. दुसरा आला.

"आता दाखवलं त्यात," श्रीपत म्हणाला. "तुझा अंदाज खरा निघाला. त्याला शेठनंच कोंडला व्हता. यायचं व्हतं त्याला. दार फोडीत व्हता."

येसूबाई म्हणाली, "बरं हाय तिचं."

आणि तिने फोन ठेवला.

"काय म्हनली? काय म्हनली?" भागूबाई खाली बसून डाळिंब्या गोळा करत होती. "खूश झाली ना?"

श्रीपतने मोबाईल हर्षलाला परत दिला. "म्हनली, बरं हाय तिचं. जयसिंगरावाच्या बायकोचं."

"मंग! बरंच हाय की!" भागूबाई हसली. "नवरा धुतल्या तांदळासारखा निघाला. आता बघा, पुढच्या आठवड्यात त्या शेठची पोरगी यांच्या घरात सून म्हनून येतेय का नाय ते. पैज लावा!"

श्रीपत तिच्याशेजारी बसला आणि पडलेल्या डाळिंब्या वेचू लागला. मातीत पडलेलं बिरडं पाहुण्यांना चालत नाही. ती सगळी धुवावी लागणार होती, आणि रिसॉर्टची गाडी साडेचारला यायची होती.